उंदीर गेले, आता काडीकिडा घरी कधी परतणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयाने एक काळा, चकचकीत, हाताच्या पंजाएवढा किडा लोकांना पाहण्यासाठी ठेवला. मूळचा तो ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरचा. त्याची गोष्ट थोडक्यात सांगायची तर ती खरी वाटत नाही. हा किडा जगातून संपला असं मानून शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं त्याचं नाव नामशेषांच्या यादीत ठेवलं होतं. मग तो समुद्रातल्या एका उघड्या सुळक्यावर, एका झुडपाखाली जिवंत सापडला. आज तो काही देशांच्या प्राणिसंग्रहालयांत वाढतो आहे. ज्या उंदरांनी त्याला संपवलं, तेही २०१९ मध्ये त्याच्या मूळ बेटावरून हटवले गेले.

मग अडलंय कुठे? किडे आहेत, बेट आहे, उंदीर नाहीत. पेटी उघडायची आणि सोडून द्यायचे, इतकं सोपं का नाही? आणि एका किड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? हे प्रश्न कुणालाही पडतील असे आहेत. त्यांची उत्तरं मिळवायला थोडं मागे जावं लागेल.

बेट आणि त्यावरचा किडा

लॉर्ड हाऊ बेट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. लांबी साधारण दहा किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त दोन. दक्षिण टोकाला ८७५ मीटर उंचीचा माउंट गॉवर. वस्ती चारशेच्या आसपास आणि एका वेळी बेटावर राहू शकणाऱ्या पर्यटकांची मर्यादाही चारशेच. १९८२ पासून हे बेट जागतिक वारसा यादीत आहे.

१७८८ मध्ये ब्रिटिश जहाजाला ते दिसलं, त्याआधी तिथे माणूस राहत नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथे नव्हता. उंदीर नाही, मांजर नाही, मुंगूस नाही. अशा ठिकाणी लाखो वर्षं काढलेल्या प्राण्यांना पळण्याची, उडण्याची, लपण्याची गरज कमी पडते. म्हणून इथे न उडणारा पक्षी आहे आणि म्हणूनच इथला काडीकिडाही बिनपंखांचा.

काडीकिडे आपल्याला माहीत असतात ते काटकीसारखे बारीक, झाडावर असून न दिसणारे. लॉर्ड हाऊचा काडीकिडा तसा नाही. पूर्ण वाढलेला किडा पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब आणि जाडजूड असतो. वरून कवच घातल्यासारखा दिसतो. बेटावरच्या लोकांना तो समुद्रातल्या शेवंडासारखा वाटायचा. मासेमारीला गळाला लावायला ते हाच किडा वापरत, इतका तो मुबलक होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका नोंदीत झाडाच्या एकाच ढोलीत साठाहून जास्त किडे एकत्र बसलेले आढळल्याचं लिहिलेलं आहे.

जी जात एकाच मर्यादित प्रदेशात आढळते आणि जगात दुसरीकडे कुठेच नसते, तिला प्रदेशनिष्ठ म्हणतात. हा किडा तसा आहे. त्यामुळे बेटावरून तो गेला, म्हणजे पृथ्वीवरून गेला, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

१९१८ चं जहाज

जून १९१८ मध्ये मकाम्बो नावाचं जहाज बेटाच्या किनाऱ्यावर खडकाला लागून अडकलं. दुरुस्ती होऊन ते पुढे निघूनही गेलं, पण तेवढ्या दिवसांत जहाजावरचे काळे उंदीर बेटावर उतरले.

त्यानंतर जे घडलं त्याचा वेग धक्का देणारा आहे. दोनेक वर्षांतच काडीकिडा दिसेनासा होऊ लागला आणि १९३० पर्यंत तो संपल्याचं मानलं गेलं. पुढच्या वीसेक वर्षांत पक्ष्यांच्या पाच जाती बेटावरून, म्हणजेच जगातून, नाहीशा झाल्या. चष्मेवाला, नाचण, कस्तूर, साळुंकी हे पक्षी आपण ओळखतो. त्यांच्याच नात्यातल्या पण फक्त लॉर्ड हाऊवरच असलेल्या जाती त्या पाचांत होत्या.

उंदरांवर उपाय म्हणून १९२० च्या दशकात बेटावर घुबडं आणून सोडली गेली. उंदीर काही संपले नाहीत. घुबडं मात्र राहिली आणि बेटावरच्या पक्ष्यांनाच धरू लागली. एक चूक निस्तरायला दुसरा परका प्राणी आणायचा, हा प्रकार जगभरच्या बेटांवर पुन्हा पुन्हा झाला आहे.

काडीकिडाच इतक्या लवकर का गेला, याचं उत्तर त्याच्या सवयींत आहे. मोठा किडा निशाचर असतो. दिवसा ढोलीत घोळक्याने बसतो, रात्री पानं खायला बाहेर येतो. काळा उंदीरही रात्रीच हिंडतो आणि झाडावर सराईतपणे चढतो. किड्याला पंख नाहीत, विष नाही, वेग नाही. ढोलीतला सगळा घोळका एकदम उंदराच्या तावडीत सापडतो. मादी अंडी जमिनीत घालते आणि ती फुटायला कित्येक महिने लागतात. इतक्या सावकाश चालणाऱ्या प्राण्याला, वर्षातून अनेकदा विण्याची क्षमता असलेल्या उंदरापुढे टिकाव धरता येणं शक्य नव्हतं.

सुळक्यावरची रात्र

लॉर्ड हाऊपासून २३ किलोमीटरवर समुद्रातून सरळ वर आलेला एक सुळका आहे. त्याचं नाव बॉल्स पिरॅमिड. एका जुन्या ज्वालामुखीची झीज होऊन उरलेला हा भाग साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि पायथ्याशी जेमतेम तीनशे मीटर रुंद. होडी नीट लावता येईल अशी जागा नाही, वर जंगल नाही, गोड्या पाण्याचा झरा नाही. उंदीर तिथे कधी पोहोचला नाही, हीच त्याची सगळ्यात मोठी संपत्ती.

१९६४ मध्ये गिर्यारोहकांना तिथे एक मेलेला काडीकिडा मिळाला होता. पुढच्या काही वर्षांत आणखी वाळलेले अवशेष सापडले, पण जिवंत एकही नाही. पानं खाणारा एवढा मोठा किडा त्या उघड्या दगडावर जगत असेल, हे पटायला अवघड होतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये डेव्हिड प्रिडेल आणि निकोलस कार्लाइल हे शास्त्रज्ञ एक छोटी तुकडी घेऊन सुळक्यावर गेले. खरं तर किडा तिथे नाहीच, हे एकदाचं नक्की करावं, असाही त्यांचा हेतू होता. दिवसभर चढून हाती लागले ते फक्त रातकिडे. उतरताना मात्र कड्याच्या एका खाचेत थोडी हिरवळ दिसली. पाणी झिरपून तिथे थोडी माती साठली होती आणि तीत मेलाल्युका जातीची झुडपं वाढली होती. त्यांच्या तळाशी मोठ्या आकाराच्या, ताज्या लेंड्या पडल्या होत्या.

किडा निशाचर, म्हणजे पाहायचा तर रात्रीच. अंधारात त्या कड्यावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. तरीही कार्लाइल आणि बेटावरचे वनरक्षक डीन हिस्कॉक्स विजेरीच्या उजेडात पुन्हा वर गेले. झुडपावर काळे, ओलसर चमकणारे किडे बसले होते. त्या रात्री तीन दिसले. पुढच्या वर्षी नीट मोजणी केली तेव्हा आकडा २४ झाला. एका संपूर्ण जातीचे तेव्हा माहीत असलेले सगळे जीव एका कड्यावरच्या मूठभर झुडपांवर होते.

ते तिथे पोहोचले कसे? समुद्रपक्ष्यांबरोबर, वाहत आलेल्या झाडाझुडपांवरून किंवा गळाला लावायला किडे घेऊन गेलेल्या कोळ्यांकडून, असे तर्क आहेत.

मेलबर्नमधली ईव्ह

शोध लागल्यावर दोन वर्षं परवानग्या आणि चर्चांमध्ये गेली. उचलावेत की नाही, उचलले तर किती, हा प्रश्न खरोखर कठीण होता. २४ पैकी चार काढायचे म्हणजे सहावा हिस्सा. ते मेले तर? शेवटी फेब्रुवारी २००३ मध्ये दोन जोड्या उचलल्या. एक सिडनीतल्या कीटकपालकाकडे गेली, दुसरी मेलबर्न प्राणिसंग्रहालयात. सिडनीची जोडी काही आठवड्यांतच मेली. म्हणजे सगळी भिस्त मेलबर्नच्या जोडीवर आली. तिची नावं ॲडम आणि ईव्ह ठेवली होती.

आणि मग ईव्ह आजारी पडली. पाय आकसले, खाणं थांबलं, हालचाल जवळजवळ बंद झाली. या जातीच्या किड्याच्या आजारावर जगात कुणाकडेच काही माहिती नव्हती. असणार तरी कशी? तिची काळजी घेणारे पॅट्रिक होनन यांनी ग्लुकोज, कॅल्शियम आणि मकरंद यांचं मिश्रण करून तिच्या तोंडाशी थेंब थेंब धरलं. घाई केली तर किडा गुदमरतो, उशीर केला तर मरतो. हळूहळू तिने पाय सरळ केले, ती उभी राहिली, खाऊ लागली आणि तिने पुन्हा अंडी घातली. मला या साऱ्या कथेतली सर्वांत मोलाची घटना हीच वाटते. सुळक्यावरच्या शोधाची छायाचित्रं सगळीकडे छापली गेली, पण संग्रहालयांत आज दिसणाऱ्या किड्यांच्या वंशावळी या मादीपर्यंत जातात. तेव्हा होनन यांचा हात चुकला असता तर सगळंच संपलं असतं.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली तेव्हा आणखी काही गोष्टी कळल्या. पिल्लं हिरवीगार असतात आणि दिवसा वावरतात. वाढता वाढता त्यांचा रंग तपकिरी, मग काळा होतो आणि ती निशाचर बनतात. एकच किडा, पण बालपण आणि मोठेपण दोन वेगळ्या जगांत काढणारा. दुसरं म्हणजे, नर नसतानाही मादी अंडी घालू शकते आणि त्यातून पिल्लं निघू शकतात. होनन यांनी असंही पाहिलं की विश्रांतीच्या वेळी नर आणि मादी शेजारी शेजारी राहतात आणि नराचे पाय मादीच्या अंगावर असतात. किड्यांमध्ये असं क्वचितच पाहायला मिळतं.

२०१६ पर्यंत मेलबर्नमध्ये १३,००० अंडी उबली होती. एकाच इमारतीत सगळी जात ठेवणं धोक्याचं, म्हणून ब्रिस्टल, सॅन डिएगो आणि टोरांटो इथल्या संग्रहालयांना अंडी पाठवली गेली.

हा तोच किडा कशावरून?

ही शंका शास्त्रज्ञांनाही होती. सुळक्यावरचे किडे आणि लॉर्ड हाऊवरून पूर्वी गोळा करून संग्रहालयात टाचून ठेवलेले जुने नमुने शेजारी ठेवले तर फरक दिसत होता. सुळक्यावरचे जास्त काळे, अंगाने सडपातळ. ती भलतीच जात निघाली असती तर तिला लॉर्ड हाऊवर सोडणं म्हणजे आणखी एक परका प्राणी आणणं झालं असतं.

उत्तर २०१७ मध्ये मिळालं. जपानमधल्या ओकिनावा इथल्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांसह जुन्या नमुन्यांमधून डीएनए काढला. डीएनए म्हणजे शरीर कसं घडायचं याची पेशीत लिहिलेली माहिती. ती मेलेल्या, वाळलेल्या किड्यातही तुकड्यातुकड्यांनी शिल्लक राहते. ती जिवंत किड्यांच्या माहितीशी ताडून पाहिली. फरक एक टक्क्याहूनही कमी होता, म्हणजे एकाच जातीत असतो तेवढाच. दिसण्यातला फरक खाणं, हवामान किंवा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेगळ्या राहणीतून आलेला असू शकतो. या चाचणीमुळे परतीच्या वाटेतला एक मोठा अडसर दूर झाला. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी किडे टाचून, नाव-गाव लिहून जपून ठेवले नसते, तर हे कधीच कळलं नसतं.

हजारो किडे आहेत, मग काळजी कसली?

आकड्याने फसायला होतं ते इथे. हजारो किडे, पण जवळपास सगळे एकाच जोडीचे वंशज.

आपल्या आणि या किड्याच्याही शरीरात बहुतेक गुणांच्या किमान दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एका कुलपाच्या दोन किल्ल्या असाव्यात तसं. एक किल्ली वाकडी निघाली तरी दुसरीने दार उघडतं. आता समजा, घरातल्या साऱ्या किल्ल्या त्या एकाच वाकड्या किल्लीवरून पाडून घेतल्या. किल्ल्या शंभर झाल्या तरी दार उघडणार नाही. भावंडांची भावंडांशी जोडी लागत गेली की असंच होतं: एकच दोष आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. याला अंतःप्रजनन म्हणतात. त्यातून पिल्लं अशक्त निघतात, अंडी कमी उबतात आणि एखादा नवा रोग आला तर सगळ्यांना सारखाच लोळवतो. नराविना होणाऱ्या पिल्लांनी हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, कारण त्यात नवी प्रत येतच नाही.

म्हणून २०१७ मध्ये गिर्यारोहकांसह एक तुकडी पुन्हा सुळक्यावर गेली. त्यांना १७ किडे दिसले आणि त्यांनी एक मादी मेलबर्नला आणली. जिने ती शोधली त्या गिर्यारोहक महिलेच्या नावावरून तिला व्हेनेसा नाव मिळालं. हजारो किडे असलेल्या संग्रहालयात एका मादीची भर पडली आणि तज्ज्ञांना आनंद झाला, तो यासाठी.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. पिंजऱ्यात ज्या किड्याला पिंजरा मानवतो तोच जास्त अंडी घालतो. शत्रू ओळखणं, वादळात फांदी धरून राहणं, दुष्काळात तग धरणं, यांची तिथे परीक्षाच होत नाही. वीस-पंचवीस पिढ्या गेल्या की नकळत एक पाळीव किडा तयार होऊ शकतो. जितका उशीर, तितका हा धोका मोठा.

सुळक्यावर जगले ना? मग तिथेच राहू द्या

हा आक्षेप ऐकायला रास्त वाटतो. २०१४ मध्ये गिर्यारोहकांना शिखराजवळच्या गवताळ झुडपांतही किडे दिसले होते, म्हणजे सुळक्यावर त्यांचा वावर वाटला होता त्यापेक्षा जास्त आहे.

पण जागेकडे पाहा. झुडपं उभी आहेत ती खाचेत साठलेल्या मूठभर मातीवर. एक दरड, एक मोठं वादळ, पावसाविना गेलेला एक हंगाम, एवढं पुरेसं आहे. शिवाय मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातली एक परकी वेल सुळक्यावर पोहोचली आहे. ती झुडपांवर पसरून त्यांचा उजेड अडवते आणि ती काढायला माणसांना त्या कड्यावर जावं लागतं. सुळक्याने या किड्याला ऐंशी वर्षं तारलं हे खरं. पण तेवढ्याच आधारावर पुढची ऐंशी वर्षं सोडून देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

शेवटचा उंदीरसुद्धा

परतीची खरी अट होती लॉर्ड हाऊवरून उंदीर जाणं. कमी होणं नव्हे, पूर्ण जाणं. एक नर आणि एक मादी उरली तरी काही वर्षांत पुन्हा बेट भरतं. म्हणून बेटाचा एकही कोपरा, एकही घर, एकही गोठा वगळून चालत नव्हतं.

विष होतं ब्रोडिफॅकम. ते पोटात गेलं की रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि काही दिवसांत उंदीर मरतो. २०१९ च्या हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जून-जुलैच्या सुमारास, डोंगराळ भागात हेलिकॉप्टरमधून ठरावीक रेषांवर विषाच्या गोळ्या टाकल्या गेल्या. वस्तीत हाताने आणि कुलूपबंद डब्यांतून. हिवाळा निवडला कारण तेव्हा उंदरांना खायला कमी असतं.

हे विष उंदीर आणि पक्षी यांत भेद करत नाही. बेटावरची न उडणारी वुडहेन ही पाणकोंबडीच्या कुळातली दुर्मीळ पक्षीण. १९७० च्या दशकात तिची संख्या तीसेकवर आली होती आणि मोठ्या कष्टाने ती वाढवली होती. मोहिमेआधी या वुडहेन आणि करावाँग नावाचे पक्षी मोठ्या संख्येने पकडून पिंजऱ्यांत ठेवले, विष निष्प्रभ होईपर्यंत सांभाळले आणि मग सोडले. गुरं, कोंबड्यांचीही वेगळी व्यवस्था करावी लागली. उंदरांवर जगणाऱ्या परक्या घुबडांनाही हटवायचं होतं, कारण उंदीर संपले की ती पक्ष्यांकडेच वळली असती.

हे क्रूर आहे का? हो, आहे. उंदराचं मरण शांत नसतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण बेटावर उंदरांसाठी विष पूर्वीपासून, दशकानुदशकं, थोडं थोडं टाकलं जातच होतं. त्याने उंदीर कधी संपणार नव्हते. दरवर्षी नवे मरत राहिले असते आणि त्यांच्या तोंडी पक्ष्यांची अंडी, किडे, बियाही जात राहिल्या असत्या. न संपणाऱ्या मारण्यापेक्षा एकदाच पूर्ण करण्याचा मार्ग मला कमी क्रूर वाटतो.

गावकऱ्यांचा विरोधही खराच होता. मुलं खेळतात तिथे विष, लोक मासे खातात त्या पाण्याजवळ विष, पर्यटकांवर चालणारं पोट. २०१५ मध्ये कौल घेतला तेव्हा बाजूने पडलेली मतं होती ५२ टक्के. इतक्या निसटत्या बहुमतावर एवढी मोहीम उभी राहिली. ज्यांना भीती वाटत होती त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, पण तेच त्या बेटावर राहतात आणि उद्या उंदराची पहिली लेंडी त्यांनाच दिसणार आहे.

एप्रिल २०२१ मध्ये झालंही तसंच. वस्तीत एक जिवंत उंदीर दिसला, मग आणखी एक, आणि त्यांतली मादी गाभण होती. पुन्हा सापळे, पुन्हा विष, वासावरून उंदीर शोधणारी कुत्री, महिनोन्‌महिने तपासणी. या अनुभवानंतर बेटावर येणाऱ्या मालाची झडती हा कायमचा खर्च होऊन बसला आहे.

एका किड्यासाठी इतका पैसा?

उंदीर निर्मूलनावर दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास खर्च झाला. तो एका किड्यासाठी झाला असं म्हणणं मात्र चूक आहे. वुडहेनची संख्या उंदीर गेल्यावर काही पटींनी वाढली. डोंगरमाथ्यावरच्या बुटक्या पामच्या बिया उंदीर कुरतडून टाकत, तिथे आता नवी रोपं दिसू लागली आहेत. जगभरच्या घरांत आणि हॉटेलांत कुंडीत दिसणारा केंटिया पाम मूळचा इथलाच. त्याचं बी विकणं हा बेटाचा जुना व्यवसाय आणि उंदीर त्याचंही नुकसान करत.

२०२२ मध्ये तर कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट झाली. लाकूड खाणारं, बिनपंखांचं एक झुरळ मुख्य बेटावरून १९३० च्या दशकापासून नाहीसं झालं असं मानलं जात होतं. ते एका मोठ्या वडाच्या जातीच्या झाडाखाली, दगडाच्या तळाशी जिवंत सापडलं. कुजलेल्या लाकडाची माती करण्याचं काम असे जीव करतात. ते नसतील तर जंगलात पडलेलं झाड तसंच पडून राहतं आणि नव्या रोपाला खत मिळत नाही. काडीकिडाही तेच काम दुसऱ्या टोकाने करतो: उंचावरची पानं खाऊन त्यांची लेंडी जमिनीवर पोहोचवतो.

मग उंदीर गेल्या गेल्या का सोडला नाही?

कारण शंभर वर्षांत बेटही बदललं आहे. काडीकिडा गेला तेव्हा जे जंगल होतं, ते उंदरांच्या कुरतडण्यातून गेलेलं आहे. कोणत्या झाडांची पानं तो आज तिथे खाईल, जुन्या ढोल्या किती उरल्या आहेत, हे आधी तपासावं लागतं. संग्रहालयात त्याला बरीच वेगवेगळी पानं चालतात असं दिसलं आहे, ही जमेची बाजू.

वाढलेल्या वुडहेनचा प्रश्नही आहे. ती जमीन उकरून किडे, गांडुळं खाते आणि काडीकिड्याची अंडी जमिनीतच असतात. दोघं हजारो वर्षं एकत्र राहिले आहेत, त्यामुळे मुरलेल्या संख्येला त्याचं भय नाही. पण सुरुवातीला सोडलेल्या थोड्या किड्यांना तेवढंही झेपेल का, हे वेगळं मोजावं लागेल. एखादं घुबड निसटून राहिलं असेल तर तेही.

उलट शंका अशी की हा किडा जंगलच खाऊन टाकेल. शंभर वर्षांपूर्वी ढोल्या भरून किडे होते तेव्हाही जंगल उभं होतं, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

माणसांचं काय? आज बेटावर राहणाऱ्यांपैकी कुणीही हा किडा बेटावर मोकळा हिंडताना पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी तो आजोबांच्या तोंडून ऐकलेला प्राणी आहे. रात्री ओट्यावर पंधरा सेंटिमीटरचा काळा किडा चालताना दिसला तर त्याला चपलेने मारायचं नाही, हे आधी घराघरांत बोलून ठरलेलं असायला हवं. तो चावून विष सोडत नाही, घरात वस्ती करत नाही, हे लहान मुलांना हातात धरून दाखवता येतं आणि तसं दाखवलेलं उत्तम.

सोडायचं ठरलं की कोणते सोडायचे, हाही निर्णय आहे. मोठे किडे सोडले तर ते लगेच पांगतात आणि अंधारात शोधणं कठीण. अंडी ठेवली तर पिल्लं सुरुवातीपासून तिथलंच हवामान आणि तिथलीच पानं ओळखत वाढतात, पण त्यांतली कित्येक मोठी होण्याआधीच जातील. ईव्हच्या आणि व्हेनेसाच्या वंशातले किडे मिसळून सोडायचे, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती बेटावर पोहोचतील. मधली पायरी म्हणून जाळीबंद झुडपांत काही पिढ्या वाढवून पाहता येतात. त्यात चूक झाली तर ती जाळीच्या आत राहते आणि मेलबर्नमधली मूळ संख्या हाताशी असते. नामशेष मानलेल्या या जातीच्या बाबतीत चूक परवडण्याची सोय पहिल्यांदाच उपलब्ध आहे. म्हणून दोन-चार वर्षं उशीर झाला तरी जाळीची पायरी गाळू नये, असं माझं मत आहे.